रेवाची साक्ष

रेवाला घेऊन रणजितची गाडी दारात थांबली, तेव्हा संयोगिता नुकतीच डेअरीतून परतली होती. गाडीच्या मागच्या दारातून पिवळसर रंगाची एक थोराड लॅब्राडॉर कुत्री खाली उतरली. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, मागचा एक पाय जरा ओढत टाकत होती. तिनं पायरी हुंगली, उंबरा हुंगला आणि कुणाकडंही न बघता ती सरळ घरात शिरली. पुढचा सोपा झाला, स्वयंपाकघर झालं, मग ती आतल्या खोलीत गेली. तिथं कॉटखाली धैर्यशीलची काळी ट्रंक होती. रेवा ट्रंकेसमोर पुढचे पाय ताठ करून बसली आणि मान वळवून दाराकडं बघत राहिली.

"अशी का बसली ही?" संयोगितानं विचारलं.

"हुडकायला सांगितलेलं सापडलं की भुंकायचं न्हाई, गप बसायचं. तसंच शिकवलंय तिला," रणजित म्हणाला. "आता शाब्बासकीची वाट बघत्या, वहिनी." आणि तोंड फिरवून तो बाहेर गेला.

धैर्यशील यादव लष्करात नायक होता, श्वानपथकात. दोन वर्षांपूर्वी वाळवंटातल्या एका तळाजवळ त्याचा मृत्यू झाला. युद्ध नव्हतं, चकमक नव्हती. चौकशीचा निष्कर्ष असा होता, की सुट्टीच्या वेळेत दारू पिऊन, परवानगी न घेता तो कुत्रीसह तळाबाहेर पडला आणि उष्माघातानं मेला. मृत्यू स्वतःच्या बेशिस्तीमुळं, कर्तव्याशी संबंध नाही. रक्ताचा नमुना म्हणे उन्हानं खराब झाला. अंगावरच्या कपड्यांना रमचा वास होता आणि शेजारी बाटली होती, तेवढं पुरलं. गडहिंग्लजजवळच्या मुगळीवाडीत घराआड एक फौजी. त्या गावात धैर्यशीलचं शव सलामीशिवाय आलं. वेशीवरच्या दगडी स्तंभावर त्याचं नाव घालायचं का, असा विषय ग्रामसभेत निघाला आणि काही न ठरवताच लोक उठून गेले.

नवरा पीत नव्हता, असं संयोगिता छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. सुट्टीवर आला की तो मित्रांत बसायचा. पण रेवाला भर उन्हात नेईल, हे काही तिला पटत नव्हतं. फोनवर बायकोची खुशाली विचारायच्या आधी तो कुत्रीच्या पंजांना पडलेल्या भेगांबद्दल बोलायचा. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची.

सासरे आनंदराव, घरात सगळ्यांचे आबा, निवृत्त सुभेदार. "कागदावर आलंय म्हंजे काय तरी झालंच असंल," एवढं एकदा म्हणाले आणि पुढं त्यांनी पोराचं नाव काढलं नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला जायचं मात्र त्यांनी बंद केलं.

आणि रणजित खोत. शेजारच्या गावचा, त्याच श्वानपथकातला, धैर्यशीलला दादा म्हणणारा. पुढच्याच वर्षी त्यानं फौज सोडली आणि गडहिंग्लजला टायरचं दुकान टाकलं. घराचे पत्रे उडाले तेव्हा तो आला. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानं करून आणलं. रेवा निवृत्त होणार कळल्यावर तिला घरी आणायची खटपटही त्याचीच. संयोगिताला भाऊ नव्हता. ती जागा रणजितनं कधी भरून काढली, ते तिलाही कळलं नव्हतं.

त्या सुमारास संयोगिता पुण्यातल्या एका मंचाच्या बैठकांना जायला लागली होती. लढाईशिवाय गेलेल्या जवानांच्या घरच्यांचा तो मंच. कुणाचा पोरगा प्रशिक्षणात पळताना कोसळलेला, कुणाचा पोहायला शिकताना बुडालेला, कुणाचा बराकीत पंख्याला लटकलेला सापडलेला. मालेगावकडच्या यमुनाबाई बागूल मंचाच्या प्रमुख. त्यांचा किरण भरती झाल्यावर वर्षाच्या आत गेला होता. कारण लिहिलं होतं, हृदयविकार.

"लढाईत गेला तर फोटोला हार," यमुनाबाई म्हणायच्या, "आणि असा गेला तर आईबापच आरोपी."

अशाच एका बैठकीत डॉ. फरिदा तांबोळी बोलायला आल्या. मेंदूशास्त्रज्ञ होत्या, भूकंपात माणसं शोधणाऱ्या कुत्र्यांवर त्यांचं काम चालायचं. त्यांनी बनवलेल्या यंत्राचं नाव होतं गंधपट.

"आपण डोळ्यांनी जगतो, कुत्रा नाकानं जगतो," त्या सांगत होत्या. "डोळ्याकानांकडून येणारी माहिती मेंदूत आधी एका चौकीवर थांबते, मग पुढं सोडली जाते. वास त्या चौकीवर थांबत नाही. आठवण आणि भीती जिथं तयार होतात, त्याच्या अगदी शेजारी जाऊन तो पोचतो. प्रत्येक वासाला मेंदूत पेशींचा एक ठरावीक समूह उजळतो, रांगोळीच्या नक्षीसारखा. दोन कुत्र्यांच्या नक्ष्या सारख्या नसतात. पण एकाच कुत्र्यात ती नक्षी बरीच वर्षं टिकते."

मग त्यांनी उंदराची गोष्ट सांगितली. उंदीर दिवसा ज्या वाटेनं धावतो, त्या वाटेच्या पेशी तो झोपला की मेंदूत पुन्हा पेटतात, त्याच क्रमानं, फक्त कितीतरी वेगानं. प्रसंग जिवावर बेतलेला असेल, तर तेव्हाचा एखादा वास पुन्हा नाकाशी आला की वर्षांनंतरही तो सगळा प्रसंग असा झोपेत उलगडतो.

"आमची टोपी कुत्र्याच्या कवटीवर बसते. आत सुई नाही, चीर नाही. ती ध्वनिलहरी सोडते आणि मेंदूतल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांत रक्त कुठं वाढलं ते बघते. आधी एकेक वास हुंगवून नक्ष्या गोळा करायच्या. मग झोपेत कोणती नक्षी कोणामागून आली ते वाचायचं."

संयोगिता उभी राहिली. "म्हणजे कुत्र्यानं बघितलेलं कळतं?"

"बघितलेलं नाही. हुंगलेलं. आणि कुठल्या क्रमानं हुंगलं ते."

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा आबा जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला.

"फौजेच्या विरुद्ध कुत्रं उभं करणार? ते कुत्रं पण फौजेचंच हाय."

"मग ते खोटं बोलणार नाही, आबा," संयोगिता म्हणाली.

पुण्याला जाताना गाडी संयोगिताच्या घरची होती, पण चालवत रणजितच होता. रेवा खिडकीतून नाक बाहेर काढून बसली होती, कान वाऱ्यावर उडत होते. प्रयोगशाळेत दोन दिवस नुसते वास गोळा करण्यात गेले. ट्रंकेतला धैर्यशीलचा न धुतलेला शर्ट, संयोगिताची ओढणी, डिझेल, वाळवंटातली वाळू, रम. डोक्याला ती हलकी टोपी, समोर एका मागून एक बरणी. रेवाला तो खेळ वाटत होता. तिचं शेपूट टेबलावर आपटत होतं.

"त्या तळावरचं, हिच्या ओळखीचं माणूस कोणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहेत ना. हे काय, रणजितभाऊजी."

रणजितनं पँटला हात पुसले. "माझं कशाला? मी तर रोजचाच झालोय आता."

"म्हणून तर हवं. रोजचे वास ओळखून बाजूला काढावे लागतात," डॉक्टर म्हणाल्या.

शेवटी त्यानं डॉक्टरांनी दिलेला कापूस मुठीत दाबून धरला आणि बरणीत टाकला. रेवानं त्याचा हात चाटला.

तिसऱ्या दिवशी तिला सौम्य गुंगीचं औषध दिलं. ती झोपली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नाकाजवळ एक जुना चामडी पट्टा धरला. तळावरून तिच्यासोबत आलेला, त्या दिवशी धैर्यशीलच्या हातात असलेला. पडद्यावरचे करडे ढग थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांत ठिणग्या उडाल्यासारखे रंग सरकले. रेवाचे पाय झोपेत धावायला लागले आणि तिच्या घशातून एक बारीक, लांबट आवाज निघाला. संयोगितानं तोंडावर हात धरला. डॉक्टरांनी पट्टा दूर केला, थांबल्या, पुन्हा धरला. रंग पुन्हा सरकले. रणजित केव्हाच बाहेर गेला होता.

डॉक्टरांनी संयोगिताला आत बोलावलं, तेव्हा त्या खुर्चीत न बसता टेबलाला टेकून उभ्या होत्या.

"सुरुवातीला एक उग्र वास आहे. तो आमच्या बरण्यांत नाही, त्यामुळं कसला ते मला सांगता येणार नाही. त्याच्यासोबत तुमच्या मिस्टरांचा. मग बराच वेळ फक्त त्यांचा. नंतर रणजित खोत यांच्या हाताचा." त्यांनी हातातला कागद उलटला. "आणि सगळ्यांत शेवटी रम."

"शेवटी?"

"जितक्या वेळा वाचलं, तितक्या वेळा शेवटी."

"प्यालेल्या माणसाचा वास तर निघतानाच आला असता ना तिला?"

"आला असता," डॉक्टर म्हणाल्या. "रेवासारख्या नाकाला तर नक्कीच."

संयोगिता बाहेर आली. गाडी उभी होती, किल्ली वॉचमनकडं होती. "साहेब एसटीनं गेले," तो म्हणाला. "दुकानात माल यायचाय म्हणाले." संयोगितानं आजवर घाटात कधी गाडी चालवली नव्हती. त्या दिवशी चालवली. रेवा मागच्या सीटवर गुंगीत पडून होती आणि मधूनमधून तिचे पाय हलत होते.

त्यानंतर रेवा बिनसली. भाकरी हुंगायची आणि सोडून द्यायची. ट्रंकेसमोर जाऊन बसायची, तिथून उठवली की दाराशी. एके दिवशी संध्याकाळी ती घरात नव्हती. आबा काठी घेऊन हुडकायला गेले. ती फाट्यावरच्या एसटी थांब्याला सापडली. सुट्टीवर उतरणाऱ्या जवानांच्या पँटी ती एकेक करून हुंगत होती, आणि थांब्यावरची माणसं मागं सरकून तिला वाट करून देत होती.

संयोगितानं डॉक्टरांना फोन केला.

"आठवण कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते," डॉक्टर म्हणाल्या. "ती बाहेर काढली की ओल्या मातीसारखी होते आणि परत वाळताना जराशी बदलते. रेवासाठी तो दिवस दोन वर्षांपूर्वीचा होता. आपण तो परवाचा करून ठेवला."

"परत तपासायला लागली तर?"

"करता येईल. पण दर वेळी क्रम थोडा पुसट होईल. दोन-तीन वेळांनंतर मी त्याची खात्री देणार नाही. आणि रेवा ते किती सोसेल, तेही मला माहीत नाही." मग त्या म्हणाल्या, "माझ्या यंत्राला ही चाचणी हवी आहे, संयोगिता. लष्करी लवादानं ती मान्य केली तर माझ्या आयुष्याचं काम उभं राहील. म्हणून मला विचारू नका, काय करायचं ते."

चौकशीचा निष्कर्ष रद्द व्हावा, असा संयोगिताचा अर्ज लष्करी लवादापुढं, म्हणजे सैनिकांच्या तक्रारींच्या न्यायालयापुढं, गेला. समोरच्या वकिलांनी साहजिकच मागणी केली, की चाचणी पुन्हा व्हावी, आमच्या तज्ज्ञांसमोर, आम्ही सांगू तितक्या वेळा. लवादानं ती मान्य केली आणि तारीख दिली.

त्या बातमीनं मंचात जीव आला. एका जवानाचा डोंगरात दरीत पडून मृत्यू झाला होता. त्याच्याबरोबरचं खेचर अजून जिवंत असल्याचं त्याच्या भावानं शोधून काढलं. दुसऱ्या एका घरानं घोड्याची चौकशी सुरू केली. सगळ्यांचे डोळे रेवाकडं लागले. अशा वेळी संयोगितानं यमुनाबाईंना सांगितलं, की कुत्रीला परत त्या टेबलावर झोपवायला आपलं मन घेत नाही.

"मन?" यमुनाबाईंचा आवाज चढला. "माझ्या पोराला मरेपर्यंत पळवलं, तेव्हा कुणाचं मन आडवं आलं? एकदा हे कोर्टानं मानलं, की किती घरांचं कल्याण होईल! तुला कुत्र्याची दया येते आणि आमची नाही येत?"

डेअरीत दुधाचे नमुने तपासताना तिचे आकडे चुकायला लागले. घरात तिला एका जागी बसवेना. शेवटी एका दुपारी तिनं रेवाला गाडीत घातलं आणि ती गडहिंग्लजला रणजितच्या दुकानात गेली.

तो टायरची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. तिला बघून त्यानं ट्यूब सोडली. पुण्याहून आल्यापासून तो मुगळीवाडीला फिरकला नव्हता.

"पहिला वास कसला होता, भाऊजी?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं. "यंत्राला तेवढा एकच नाही कळला."

रणजितनं पाण्याची बादली पायानं बाजूला सारली.

"तेलाचा," तो म्हणाला. "मशीनच्या सांध्यांत घालायचं तेल. हुंगणारं मशीन आलं होतं एका कंपनीकडनं, चार पायांचं. स्फोटकं हुडकायला कुत्री नकोत, हेच घ्या म्हणत होते. आमच्या साहेबांना दोन्हींचं एकत्र टेस्टिंग पाहिजे होतं, दुपारच्या उन्हात. एवढ्या तापमानात कुत्री काढायची न्हाईत असा नियम हाय. दादानं तसं तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, तू न्हाई तर दुसरा जाईल, कुत्री तीच. तवा दादा म्हणाला, मीच जातो. पट्टा माझ्या हातात असला, तर कवा थांबायचं ते मी ठरवीन."

"मग?"

"आम्ही तंबूत बसून स्क्रीनवर मशीन बघत हुतो. मशीन परत आलं. त्याच्यामागनं रेवा आली, एकटीच. तिच्याच मागनं मी पळत गेलो. दादा पडला होता. पाण्याची बाटली रिकामी, आणि रेवाचं तोंड ओलं. सगळं पाणी हिलाच पाजलं होतं त्यानं." त्यानं हाताच्या उलट्या बाजूनं तोंड पुसलं, गालावर काळं लागलं. "जीव गेला होता, वहिनी. आई शप्पथ. मी हलवून बघितलं."

"आणि रम?"

"साहेबांनी दिली. म्हणाले, नियम मोडला म्हणून सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील, तुझी आधी. गेलेला माणूस काय परत येत न्हाई. माझी बायको तवा पोटुशी होती."

"तू ओतलीस?" आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला एकेरी बोलली.

"ओतली. कपड्यांवर. थोडी तोंडात."

दुकानासमोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. रेवानं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं होतं.

"हिनं मला चावायला पाहिजे होतं," रणजित म्हणाला.

"लवादापुढं सांगशील हे?"

"मी आत जाईन, वहिनी. पोरगी आता कुठं बोलायला लागल्या."

"पत्रे उडाले तेव्हा तू आलास. आबांचे डोळे केलेस. ते सगळं याच्यासाठीच होतं का?"

"आधी त्याच्यासाठीच होतं," तो खाली बघत म्हणाला. "मागनं न्हाई."

ती निघाली. घरी येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं, काही न गाळता. आबांनी एकच विचारलं, "नियम सांगितला हुता त्यानं? आधी?"

"होय. तोंडावर."

आबा हळूहळू मान हलवत राहिले. "मी असतो तर मीबी गेलो असतो," ते म्हणाले. "हुकूम म्हणून."

"आणि रणजितच्या जागी असता तर, आबा?"

ते उठून अंगणात गेले.

तारखेला ती एकटीच मुंबईला गेली, रेवाला न घेता. तिच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. मागच्या बाकांवर मंचाची माणसं दाटीनं बसली होती. तिचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, की चाचणीला माझी संमती नाही.

"मग आधीचा अहवालही आम्हाला बाजूला ठेवावा लागेल," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय, साहेब."

"दुसरा काही पुरावा?"

"माझ्याकडं नाही." रणजितनं सांगितलेलं त्याचं त्यानंच इथं येऊन सांगायला हवं होतं.

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. यमुनाबाई उठून बाहेर गेल्या. लवादानं आदेश दुपारनंतर देऊ म्हणून सांगितलं. संयोगिता जिना उतरून खाली आली, तेव्हा तिला वाटत होतं, की आपण धैर्यशीलला दुसऱ्यांदा मारून आलो. मंचातली एक बाई तिच्याजवळून गेली आणि तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

आवारातल्या मोटारसायकलींजवळ रणजित उभा होता. दाढी वाढलेली, इस्त्रीचा शर्ट घामानं चिकटलेला. सकाळपासून तो तिथंच होता. वर यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

"रेवाला न्हाई आणलं?" त्यानं विचारलं.

"नाही. परत परत ते बघायला लावायचं नव्हतं तिला."

"आबा आलेले दुकानात," तो म्हणाला. "काय बोलले न्हाईत. नुसते बसून राहिले, सांजपर्यंत. जाताना म्हणाले, सुभेदार म्हणून सांगतो, तुला दिलेला तो हुकूम हुकूमच नव्हता." त्यानं खिशातून रुमाल काढला आणि न वापरताच परत ठेवला. "मी रोज बघतो ते, वहिनी. मला कुठलं मशीन लागत न्हाई. तुमचे वकील कुठं हायत?"

दुपारनंतर आदेश झाला नाही. रणजितचं म्हणणं लिहून घेण्यात संध्याकाळ झाली. त्याच्या जबानीवरून कंपनीच्या त्या यांत्रिक श्वानात साठलेली नोंद मागवली गेली. मशीनची आणि रेवाची चाचणी त्याच दुपारी, त्याच रणरणत्या उन्हात झाल्याचं तिच्यातून उघड झालं. काही महिन्यांनी जुना निष्कर्ष रद्द झाला. मृत्यू कर्तव्यावर असताना, असं नव्यानं लिहिलं गेलं. त्या साहेबांची चौकशी सुरू झाली आणि अजून चालूच आहे. रणजितवर पुरावा नष्ट केल्याचा खटला आहे. तो जामिनावर सुटला, पण दुकानात फारसा बसत नाही, बायकोच बसते. संयोगितानं त्याला माफ केलं का, हे कुणी विचारलं तर तिला सांगता येत नाही. टायरमध्ये हवा मात्र ती अजून तिथंच भरते.

वेशीवरच्या स्तंभावर नाव कोरायला कारागीर आला, तेव्हा आबा खुर्ची टाकून शेजारी बसले. त्यानं नावाआधी 'शहीद' लिहायला खडू टेकवला, तर आबांनी काठीनं थांबवलं. "नुसतं नाव घाल," ते म्हणाले. "तो लढाईत गेला न्हाई. कसा गेला ते आता सगळ्यांस्नी ठावं हाय."

रेवा पुन्हा खायला लागली. एखाद्या संध्याकाळी अजून फाट्यावर जाते. गावातली पोरं तिला परत आणून सोडतात.

मंचाकडून मात्र बरेच दिवस फोन आला नाही. गंधपटाची चाचणी लवादापुढं झालीच नाही, त्यामुळं खेचराचा आणि घोड्याचा प्रश्न जागच्या जागी राहिला. एकटीला न्याय मिळाला आणि बाकीचे होते तिथंच, असं लोक म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं. संयोगिताला रात्री झोप लागेना. जिंकून आलेल्या माणसाला लागायला हवी, तशी नाही.

मग एके सकाळी यमुनाबाईंचा फोन आला.

"मी तुझ्यावर चिडले होते," त्या म्हणाल्या. "अजून आहे थोडी. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्या किरणच्या वेळी कुत्रं नव्हतं, घोडा नव्हता. पण माणसं होती की गं! पोरांना पळवणारा, कवायत शिकवणारा उस्ताद होता. तो आता रिटायर होऊन सिन्नरला राहतो. मला एकटीला त्याच्या दारात जायचा धीर होत नाही."

संयोगितानं डेअरीत रजा टाकली.

उस्तादाचं घर गावाबाहेर होतं, मागं द्राक्षाचा मांडव. तो फाटकाशीच भेटला. पांढऱ्या मिशा, पाठ अजून ताठ. यमुनाबाईंनी पिशवीतून किरणचा फोटो काढून त्याच्यापुढं धरला. संयोगितानं सांगितलं, आम्ही कोण, कुठून आलो, कशासाठी आलो.

"कोण किरण?" तो म्हणाला. "शेकड्यानं पोरं हाताखालून गेली, बाई. मला नाही आठवत."

असं म्हणताना तो फोटोकडं सोडून सगळीकडं बघत होता.

"आठवून बघा," संयोगिता म्हणाली. "आम्ही उद्या परत येतो."

दोघी रस्त्याला लागल्या. ऊन तापलं होतं, रिक्षा दिसत नव्हती. यमुनाबाईंनी फोटो पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

"उद्या तरी सांगेल का गं?"

"रणजितनं दोन वर्षं घेतली."

"अगं बाई! मग?"

"मग काय," संयोगिता म्हणाली, "इथं राहायची सोय बघू."